कॅल्शियम लवणे आणि पिंपरीची पेनिसिलीन निर्मिती

अम्लातील हायड्रोजनाची जागा कॅल्शियम या धातूने घेतली म्हणजे तयार होणाऱ्या संयुगाला त्या अम्लाचे कॅल्शियम लवण म्हणतात. चुनखडी (कार्बोनेट), जिप्सम (सजल सल्फेट), हाडे व दात यांतील फॉस्फेट आणि मूत्रखड्यांत आढळणारे ऑक्झॅलेट ही या वर्गातील परिचित उदाहरणे होत. अशी लवणे एकूण किती असू शकतील, या प्रश्नाला एकच निश्चित आकडा हे उत्तर नाही. अम्लांच्या यादीला शेवट नसल्यामुळे लवणांच्या यादीलाही तो नाही. मात्र शक्य असलेल्या अनेक लवणांपैकी व्यवहारात थोडीच टिकतात. त्यांची निवड विद्राव्यता, स्थैर्य, शुद्धता व उपयोग यांवर अवलंबून असते आणि काळाबरोबर ती बदलते. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या पेनिसिलीन निर्मितीच्या इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

लवणाची घडण : कॅल्शियमाचा अणुक्रमांक २० व अणुभार ४०·०८ आहे. त्याच्या अणूच्या सर्वांत बाहेरील कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असून संयोगाच्या वेळी ते दोन्ही सुटतात व दोन धन विद्युत्‌ भार असलेला आयन (विद्युत्‌ भारित अणू) उरतो. लवणात हा भार तितक्याच ऋण भाराने तोलला गेला पाहिजे. म्हणून एका कॅल्शियम आयनाबरोबर दोन क्लोराइड आयन किंवा एक सल्फेट आयन लागतो. फॉस्फेट आयनावर तीन ऋण भार असल्यामुळे तीन कॅल्शियम आयनांना दोन फॉस्फेट आयन असे प्रमाण पडते. लवणाचे सूत्र अशा प्रकारे भारांच्या साध्या हिशेबावरून मिळते.

हिशेब साधा असला, तरी गुणधर्म फार भिन्न असतात. कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा शोषून स्वतःच त्यात विरघळते म्हणजे चिघळते. सल्फेट एक लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅमच विरघळते. कार्बोनेट व फ्ल्युओराइड शुद्ध पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहेत. धातू एकच असताना दुसरा घटक बदलल्यामुळे हा फरक पडतो, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवले पाहिजे.

संख्येचा प्रश्न : प्रत्येक अम्लाचे एकच कॅल्शियम लवण धरून मोजणी केली, तरी ती पुरी होत नाही. फॉस्फोरिक अम्लात हायड्रोजनाचे तीन प्रतिष्ठापनीय अणू असल्यामुळे त्यापासून एक-, द्वि- व त्रिकॅल्शियम अशी तीन फॉस्फेटे मिळतात आणि हाडांतील हायड्रॉक्सी-ॲपेटाइट हे चौथे निराळेच संयुग ठरते. काही लवणे स्फटिक बनताना पाण्याचे रेणू सामावून घेतात. कॅल्शियम सल्फेटाची निर्जल, अर्धसजल (प्लास्टर ऑफ पॅरिस) व द्विसजल (जिप्सम) ही रूपे बांधकामाच्या व्यवहारात तीन वेगळे पदार्थ मानले जातात.

एकाच कॅल्शियम आयनाला दोन भिन्न अम्लांचे आयन जोडले गेले, तर मिश्र लवण बनते. विरंजक चूर्ण आणि औषधात वापरले जाणारे कॅल्शियम लॅक्टेट ग्लुकोनेट ही त्याची उदाहरणे होत. केवळ एक हायड्रोजन देणारी दहा अम्ले घेतल्यास साधी लवणे दहा आणि दोन-दोन अम्लांच्या जोड्यांपासून मिश्र लवणे ४५, अशी एकूण ५५ लवणे कागदावर मांडता येतात. शंभर अम्लांसाठी ही संख्या ५,०५० व हजार अम्लांसाठी ५,००,५०० होते. अमेरिकेतील रासायनिक नोंदणी संस्थेच्या यादीत आज वीस कोटींहून अधिक पदार्थ असून त्यांपैकी अगणित पदार्थ अम्लधर्मी आहेत. यावरून कागदावरील संख्येच्या विस्ताराची कल्पना येते.

कागदावर मांडता येणारे प्रत्येक लवण बाटलीत भरता येत नाही. कॅल्शियम बायकार्बोनेट हे याचे बोलके उदाहरण आहे. कठीण पाण्यात ते विरघळलेल्या स्थितीत असते. परंतु पाणी आटवून ते घनरूपात मिळवू गेल्यास त्याचे विघटन होऊन कार्बोनेट तळाशी बसते. पाणी तापविण्याच्या भांड्यात साचणारे पांढरे कीट हेच होय. उलट काही वेळा रासायनिक सूत्र एकच असूनही पदार्थ एकाहून अधिक असतात. कॅल्साइट, ॲरॅगोनाइट व व्हॅटेराइट ही तिन्ही खनिजे कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. भेद केवळ अणूंच्या मांडणीचा आहे. तेव्हा किती लवणे, असे विचारताना मोजणी सूत्रांची करावयाची, स्फटिकरूपांची की प्रत्यक्ष वेगळ्या काढलेल्या पदार्थांची, हे प्रथम ठरवावे लागते.

संकल्पनेचा विकास : चुना मानवाला फार प्राचीन काळापासून माहीत असला, तरी त्याचे स्वरूप अठराव्या शतकापर्यंत अज्ञात होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गीयोम फ्रांस्वा रूएल यांनी १७५४ च्या सुमारास लवण म्हणजे अम्ल व 'क्षारक' यांचा संयोग, अशी व्याख्या रूढ केली. स्कॉटलंडमधील जोझेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून चुनखडी भाजली असता तिच्यातून एक वायू (आजचा कार्बन डाय-ऑक्साइड) निघून जातो व म्हणून तिचे वजन घटते, असे दाखविले. आंत्वान लव्हॉयझर यांनी १७८९ मध्ये दिलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत चुन्याचा समावेश होता. तथापि अशा 'मृदा' वस्तुतः धातूंची ऑक्साइडे असाव्यात, अशी शंकाही त्यांनी व्यक्त केली होती. ती १८०८ मध्ये खरी ठरली. सर हंफ्री डेव्ही यांनी ओलसर चुना व मर्क्युरिक ऑक्साइड यांच्या मिश्रणातून विद्युत्‌ प्रवाह सोडून पारदमेल मिळविला व त्यातील पारा उडवून कॅल्शियम धातू वेगळा केला. स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८८४–८७ या काळात मांडलेल्या सिद्धांतामुळे विद्रावातील लवण हे सुट्या आयनांच्या रूपात असते, ही कल्पना पुढे आली.

याच सुमारास सजीवांतील कॅल्शियमाच्या कार्याचा शोध लागला. लंडनमधील सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय शरीराबाहेर लवणद्रावात चालू ठेवण्याचे प्रयोग करीत होते. ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावात हृदय लवकरच थांबे. पूर्वीच्या प्रयोगांत ते चालू राहिले होते, कारण तो द्राव नळाच्या पाण्यात केलेला होता. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमामुळे हा फरक पडतो, असे रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. स्नायूंचे आकुंचन, रक्त साखळणे व तंत्रिकांचे कार्य यांसाठी कॅल्शियम आयन आवश्यक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि कॅल्शियम लवणांना औषधांत स्थान मिळाले. येथेही लवणाची निवड महत्त्वाची असते. कार्बोनेटात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असते, तर ग्लुकोनेटात ते केवळ सुमारे ९ टक्के असते. तरीही शिरेतून देण्यासाठी ग्लुकोनेटच पुष्कळदा पसंत केले जाते, कारण कार्बोनेट विरघळत नाही व क्लोराइड शिरेचा अधिक दाह करते.

पुणे परिसरातील कॅल्शियम : पुणे, पिंपरी-चिंचवड व चाकण हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. येथे चुनखडीचे मोठे थर नाहीत. मात्र बेसाल्टातील फेल्स्पार व ऑजाइट या खनिजांत कॅल्शियम असते. पावसाच्या पाण्यातील कार्बॉनिक अम्लाने ते बायकार्बोनेटाच्या रूपात विरघळते व कोरड्या ऋतूत पाणी उडून गेल्यावर काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात कार्बोनेटाचे खडे (कंकर) साचतात. असे खडे भट्टीत भाजून कळीचा चुना करीत आणि तो वाळूबरोबर बैलांनी फिरविल्या जाणाऱ्या घाणीत मळून बांधकामासाठी वापरीत. सिमेंटचा प्रसार होईपर्यंत या प्रदेशातील पक्की बांधकामे या चुन्यावर उभी राहिली.

बेसाल्टातील पोकळ्यांत कॅल्शियमाची अनेक सिलिकेटे सुंदर स्फटिकांच्या रूपात आढळतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट व ॲपोफिलाइट ही त्यांपैकी विशेष परिचित होत. पुण्याच्या पूर्वेस वाघोली येथील खाणींत मिळणारे निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या खनिज संग्रहालयांत प्रसिद्ध आहे. ते कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका यांचे सजल संयुग असून त्याचे प्रथम वर्णन अमेरिकेतील नमुन्यांवरून १९७३ मध्ये झाले. त्याच सूत्राचे पण वेगळ्या मांडणीचे पेंटागोनाइट हे खनिजही वाघोलीस मिळते. मोजणीची वर सांगितलेली अडचण या प्रदेशातील दगडांतच मूर्त झालेली आहे.

पेनिसिलीन व त्याची लवणे : अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलियम बुरशीचा जंतुरोधक परिणाम आढळला. ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, एर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली व त्यांचे सहकारी यांनी १९४०–४१ मध्ये या पदार्थाचे औषधी मूल्य सिद्ध केले. फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रासायनिक दृष्ट्या पेनिसिलीन हे एक अम्ल आहे. मुक्त अम्लाच्या रूपात ते फार अस्थिर असते. लवणरूपात व कोरड्या स्थितीत मात्र ते टिकते. त्यामुळे पेनिसिलीन औषध म्हणून वापरावयाचे, तर त्याचे कोणते तरी लवण करणे अपरिहार्य होते. सुरुवातीच्या काळात सोडियम व कॅल्शियम ही दोन लवणे प्रचारात आली. त्या वेळचे सोडियम लवण अशुद्ध व अस्फटिकी असल्यामुळे हवेतील ओलावा झपाट्याने शोषी व ओलाव्यात त्याची शक्ती नाहीशी होई. कॅल्शियम लवण त्या मानाने कोरडे राही. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमांवर टाकावयाची भुकटी, मलमे व चघळण्याच्या वड्या यांसाठी कॅल्शियम पेनिसिलीन वापरीत.

पेनिसिलीन मूत्रावाटे त्वरेने बाहेर पडत असल्याने दर तीन-चार तासांनी अंतःक्षेपण (इंजेक्शन) द्यावे लागे. यावर उपाय म्हणून अमेरिकन लष्करी वैद्य मन्रो रोमान्स्की यांनी १९४४ मध्ये भुईमुगाचे तेल व मधमाश्यांचे मेण यांच्या मिश्रणात कॅल्शियम पेनिसिलीन मिसळले. हे मिश्रण स्नायूत टोचले असता औषध सावकाश रक्तात उतरे. दीर्घकाल परिणाम करणाऱ्या पेनिसिलिनांचा आरंभ असा कॅल्शियम लवणापासून झाला.

कॅल्शियमाच्या या स्थानाला शुद्धीकरणाच्या प्रगतीमुळे धक्का बसला. बेंझिल पेनिसिलिनाचे सोडियम लवण १९४३ मध्ये स्फटिकरूपात मिळाले आणि शुद्ध स्फटिकी सोडियम व पोटॅशियम लवणे हवेत सहजासहजी चिघळत नाहीत, असे दिसून आले. म्हणजे कॅल्शियम लवणाचा जो गुण मोलाचा मानला गेला होता, तो वस्तुतः दुसऱ्या लवणातील अशुद्धतेच्या तुलनेत उठून दिसलेला होता. या स्फटिकांमुळे आणखी एक मोठे कार्य झाले. डोरोथी क्रोफूट हॉजकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम, पोटॅशियम व रुबिडियम लवणांच्या स्फटिकांवर क्ष-किरणांचे प्रयोग करून १९४५ मध्ये पेनिसिलिनाच्या रेणूची रचना निश्चित केली. एकाच अम्लाची अनेक लवणे उपलब्ध असण्याचा लाभ येथे स्पष्ट दिसतो.

पिंपरीचा कारखाना : स्वातंत्र्याच्या वेळी भारताला लागणारे पेनिसिलीन मुख्यतः आयात करावे लागे. देशात प्रतिजैव पदार्थांची (अँटिबायॉटिक्सची) निर्मिती व्हावी असा आग्रह धरणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिब सिंग सोखी हे प्रमुख होते. पुढे केंद्र शासनाने संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीकडून (युनिसेफकडून) यंत्रसामग्री व जागतिक आरोग्य संघटनेकडून तांत्रिक साहाय्य घेऊन मुंबई–पुणे मार्गावरील पिंपरी हे स्थान निवडले. १० मार्च १९५४ रोजी 'हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लिमिटेड' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. औषध निर्मितीच्या क्षेत्रातील केंद्र शासनाचा हा पहिलाच कारखाना होय. स्थानिक बोलीत तो 'एच. ए.' या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. पिंपरी त्या वेळी मुख्यत्वे शेतीवर अवलंबून असलेले गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना (१९६२) व वाहन उद्योगाचा विस्तार या पुढच्या घटना आहेत. या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासात बुरशीच्या किण्वनाचे पर्व मोटारींच्या पर्वाआधी येते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

निर्मितीची पद्धत : पेनिसिलियम क्रायसोजेनम या बुरशीची वाढ मोठ्या बंद पोलादी पात्रांत, निर्जंतुक हवा सतत खेळवून करतात. त्या काळी प्रचारात असलेल्या पोषक माध्यमात लॅक्टोज शर्करा, मका भिजविलेले पाणी आटवून केलेला अर्क व सुमारे एक टक्का कॅल्शियम कार्बोनेट हे घटक असत. बेंझिल पेनिसिलिनाचे प्रमाण वाढावे म्हणून फिनिल ॲसिटिक अम्ल थोडे थोडे घालीत. मक्याच्या अर्कातील लॅक्टिक अम्ल व वाढीच्या काळात बुरशी निर्माण करीत असलेली अम्ले यांच्याशी कार्बोनेटाची विक्रिया होऊन त्यांची कॅल्शियम लवणे बनतात व माध्यम उदासीन स्थितीच्या आसपास राहते. हे घडले नाही, तर तयार झालेले पेनिसिलीन अम्लतेमुळे नाश पावेल. कार्बोनेट जवळजवळ अविद्राव्य असते, हाच येथे त्याचा गुण ठरतो. ते एकदम विरघळून माध्यम अल्कधर्मी करीत नाही. अम्ल निर्माण होईल तितकेच ते खर्ची पडते व उरलेले तसेच शिल्लक राहते. अशा रीतीने औषधाच्या कुपीतून मागे पडलेले कॅल्शियम कारखान्याच्या किण्वनपात्रात मात्र कायम राहिले.

किण्वन पुरे झाल्यावर बुरशीचे तंतू गाळून वेगळे करतात. गाळलेला द्रव थंड करून अम्लधर्मी करतात व मुक्त झालेले पेनिसिलीन ब्युटिल ॲसिटेटासारख्या कार्बनी विद्रावकात उतरवून घेतात. या अवस्थेत त्वरा अत्यावश्यक असते. अशा तीव्र अम्लतेत सामान्य तापमानाला अर्ध्या तासाच्या आत निम्मे पेनिसिलीन नष्ट होते. म्हणून केंद्रोत्सारी यंत्रांनी दोन्ही द्रव अल्पावधीत मिसळून पुन्हा अलग करतात. शुद्ध केलेल्या विद्रावात पोटॅशियम ॲसिटेट घातले म्हणजे पोटॅशियम पेनिसिलिनाचे पांढरे स्फटिक तळाशी बसतात. ते सहज गाळता, धुता व वाळविता येतात. कॅल्शियमाऐवजी पोटॅशियमाची निवड होण्यामागे कारखान्यातील ही सोय हे एक मोठे कारण आहे.

शक्तीच्या दृष्टीने पाहता कॅल्शियम लवण उणे नव्हते. पेनिसिलिनाचे एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे ०·६ मायक्रोग्रॅम शुद्ध बेंझिल पेनिसिलीन सोडियम. यावरून एका मिलिग्रॅममध्ये सोडियम लवणाची सुमारे १,६६७ व पोटॅशियम लवणाची सुमारे १,५९५ एकके येतात. रेणुभारावरून हिशेब केल्यास शुद्ध कॅल्शियम लवणाची ती सुमारे १,६८० भरतात. वजनाच्या मानाने सर्वांत बलवान असलेले लवण मागे पडले आणि अधिक सुलभतेने शुद्ध होणारे टिकले. लवणाचा स्वीकार एका गुणावर ठरत नाही, याचे हे उदाहरण होय.

दीर्घकाल परिणाम करणारी लवणे : मेण व तेल यांच्या मिश्रणाऐवजी लवणच अल्पविद्राव्य करावे, हा विचार यानंतर पुढे आला. प्रोकेन या स्थानिक बधिरता आणणाऱ्या कार्बनी क्षारकाचे पेनिसिलीन लवण १९४७ च्या सुमारास वापरात आले. त्यामुळे दिवसाकाठी एक-दोन अंतःक्षेपणे पुरेशी होऊ लागली व टोचण्याची वेदनाही कमी झाली. १९५१ मध्ये बेंझाथीन पेनिसिलिनाचे वर्णन प्रसिद्ध झाले. बेंझाथीन हे दोन अम्लरेणू धरून ठेवणारे क्षारक आहे. म्हणजे कॅल्शियमाप्रमाणेच तेही एका वेळी पेनिसिलिनाच्या दोन रेणूंशी जोडले जाते. भेद आहे तो विद्राव्यतेचा. कॅल्शियम लवण पाण्यात विरघळते, तर बेंझाथीन लवण अत्यंत अल्प प्रमाणात विरघळते व स्नायूत आठवडेच्या आठवडे साठून राहते. जे काम कॅल्शियमाला तेल व मेण यांच्या मदतीने काही तासांपुरते करता आले, ते बेंझाथिनाने स्वतःच्या गुणाने साधले.

संधिज्वर (ऱ्हुमॅटिक ज्वर) झालेल्या मुलांत घशाचा मालागोलाणुजन्य संसर्ग पुन्हा पुन्हा झाला, तर हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. तो टाळण्यासाठी दर तीन ते चार आठवड्यांनी सामान्यतः १२ लाख एककांचे बेंझाथीन पेनिसिलीन वर्षानुवर्षे देतात. येथे पेनिसिलीन तेच. परंतु पोटॅशियम लवण काही तासांत निघून जाते आणि बेंझाथीन लवण महिनाभर पहारा करते. गरीब कुटुंबातील मुलाला दररोज दवाखान्यात आणणे शक्य नसते, हे लक्षात घेतल्यास लवणाची निवड हा केवळ रसायनशास्त्राचा विषय उरत नाही. पिंपरीच्या कारखान्यातून स्फटिकी पेनिसिलिनाबरोबर प्रोकेन व बेंझाथीन ही लवणेही पुरविली गेली.

स्ट्रेप्टोमायसीन : क्षयावरील या औषधाचा शोध ॲल्बर्ट शॅट्झ, एलिझाबेथ बूजी व सेल्मन वॅक्समन यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पेनिसिलिनाच्या उलट हा पदार्थ क्षारकीय आहे, त्यामुळे त्याची लवणे अम्लांबरोबर होतात. तरीही आरंभी त्याच्या शुद्धीकरणात कॅल्शियम उपयोगी पडले. स्ट्रेप्टोमायसीन हायड्रोक्लोराइड व कॅल्शियम क्लोराइड यांचे द्विलवण स्फटिकरूपात मिळते, असे आढळल्यावर १९४० नंतरच्या दशकात औषध काही काळ त्या रूपात विकले गेले. पुढे सल्फेटाने त्याची जागा घेतली. पिंपरी येथे मर्क या अमेरिकन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाचे उत्पादन सुरू झाले, तोवर कॅल्शियम द्विलवणाचे पर्व संपलेले होते. याच काळात एम्‌. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली येथील संशोधकांनी हॅमायसीन हा कवकरोधक पदार्थ शोधून काढला (१९६१). तो निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव देण्यात आले.

अनिष्ट संयोग : कॅल्शियम सहजतेने लवणे बनविते, हा गुण काही प्रसंगी अपायकारक ठरतो. टेट्रासायक्लीन वर्गातील औषधे कॅल्शियमाला घट्ट बांधून घेतात. त्यामुळे दुधाबरोबर घेतल्यास त्यांचे शोषण घटते आणि लहान मुलांच्या वाढत्या दातांत ती साठून दात कायमचे पिवळट होतात. सेफ्ट्रिअक्सोन हे पेनिसिलिनाच्या आप्त वर्गातील प्रतिजैव औषध व कॅल्शियमयुक्त शिराद्राव नवजात अर्भकांना दिले गेल्याने काही अर्भकांच्या फुप्फुसांत व वृक्कांत (मूत्रपिंडांत) अविद्राव्य कॅल्शियम लवण साचले व मृत्यू ओढवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये याविषयी इशारा दिला. प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तळाशी बसणारा अवक्षेप (साका) आणि अर्भकाच्या रक्तवाहिनीत बसणारा अवक्षेप यांमागील रसायनशास्त्र एकच आहे.

उत्तरकाल : १९७० नंतर पेनिसिलीन हे औषधाबरोबरच कच्चा मालही बनले. पोटॅशियम पेनिसिलिनाचे विकराच्या (एंझाइमाच्या) साहाय्याने विभाजन करून मिळणाऱ्या गाभ्यापासून अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन इ. अर्धसंश्लेषित औषधे बनवितात. या विकरावर पिंपरीच्या कारखान्यात व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महत्त्वाचे संशोधन झाले. तथापि १९९१ नंतर आयातीवरील निर्बंध सैल झाले आणि विशेषतः चीनमधून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलिनापुढे भारतीय किण्वन उद्योग टिकू शकला नाही. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचे प्रकरण १९९७ मध्ये आजारी उद्योग म्हणून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे गेले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचा व पुढे निर्गुंतवणूक करण्याचा निर्णय घेतला. बेंझाथीन पेनिसिलिनाचा तुटवडा गेल्या दशकात अनेक देशांना जाणवला. स्वस्त औषध, अल्प नफा व मोजकेच उत्पादक ही त्याची कारणे होत. केंद्र शासनाने २०२० मध्ये मूलभूत औषधद्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली. तीत पेनिसिलिनाचा समावेश असून त्यानुसार आंध्र प्रदेशात काकिनाडाजवळ २०२४ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीत १९५५ साली सोडविलेला प्रश्न सत्तर वर्षांनी देशाला पुन्हा हाती घ्यावा लागला.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा आता मुख्यतः वाहने व त्यांचे सुटे भाग यांसाठी ओळखला जातो. या उद्योगांतही कॅल्शियम लवणे आहेत, परंतु त्यांचे स्थान वेगळे आहे. रंग देण्यापूर्वी पोलादी पत्र्यावर फॉस्फेटाचा थर चढवितात. त्या प्रक्रियेतील सांडपाणी चुन्याने उदासीन केले असता त्यातील फॉस्फेट कॅल्शियम लवणाच्या रूपाने खाली बसते. धातूंच्या अम्लप्रक्षालनातील सल्फेट व फ्ल्युओराइड यांचेही असेच अवक्षेपण होते. अशा प्रकारे मिळणारा गाळ रासायनिक दृष्ट्या जिप्सम व हाडांतील खनिज यांचा आप्त असतो. मात्र त्यात जड धातू मिसळलेले असल्यामुळे त्याची विल्हेवाट काळजीपूर्वक लावावी लागते. ती न लावल्यास पवना व इंद्रायणी या नद्यांच्या पाण्याला धोका संभवतो.

कॅल्शियम लवणांची संख्या अमर्याद आहे, हे विधान सिद्धांत म्हणून बरोबर आहे. त्यांपैकी कोणते लवण केव्हा उपयोगी पडेल, हे मात्र प्रत्येक पिढीला त्या वेळच्या शुद्धीकरणाच्या सोयी, रोगांचे स्वरूप आणि रुग्णांची परिस्थिती पाहून नव्याने ठरवावे लागते. पेनिसिलिनाच्या इतिहासात कॅल्शियम प्रथम कुपीत होते, नंतर ते केवळ किण्वनपात्रात राहिले आणि त्याचे कुपीतील काम अधिक योग्य अशा दुसऱ्या लवणाने पुढे चालविले.